शिळी हाळी

महिपती तिकोने रेल्वेच्या गँगमध्ये तेवीस वर्षं होता. त्यातली एकवीस वर्षं त्यानं पहारीला हात लावला नाही. आम्ही बाराजण लावायचो. पगार तेराजणांना सारखाच. मळवलीत आता त्याला देवमाणूस म्हणतात. तो तसा होताही. पण म्हणणाऱ्यांपैकी कोणी रुळाच्या वळणावर उभा राहिलेला नाही. मी राहिलो आहे, म्हणून लिहितो.

लोणावळा आणि खंडाळा यांच्यामधला अडीच मैलांचा मार्ग आमच्या गँगकडे होता. गाड्यांच्या रेट्यानं आणि उन्हानं वळणावरचे रूळ बाहेर सरकतात. ते सकाळी, लोखंड गार असताना, परत जागेवर आणायचे. बाराजणांनी एका रुळाला लागून उभं राहायचं. प्रत्येकाच्या हातात साडेपाच फुटांची पहार, वजन चौदा शेर. टोक रुळाखाली खडीत रोवायचं आणि सगळ्यांनी एकदम रेटायचं. अकराजणांनी रेटलं आणि बारावा मागं राहिला, तर रूळ हलत नाही. सगळ्यांचा रेटा एकदम पडावा म्हणून एकजण बाजूला उभा राहून हाळी देतो. दोन-तीन ओळी म्हणायच्या, शेवटी ‘हां’ म्हणायचं. त्या ‘हां’वर पहारी पडतात. हाळी देणाऱ्याच्या हातात काही नसतं.

ती जागा मला हवी होती. आराम म्हणून नव्हे. मी बारा वर्षांचा असल्यापासून मळवलीच्या भजनात गात होतो. अडीचशे अभंग पाठ होते. माझा आवाज नदीपलीकडच्या शेतात ऐकू जायचा. गँगमध्ये माझ्याइतका गळा कोणाचा नव्हता, हे महिपतीनंही कबूल केलं असतं.

सन चोवीसच्या पौषात जुना हाळीवाला नोकरी सोडून गेला. आमचे मुकादम अंबाजी येवले यांनी तिघांची परीक्षा घेतली. प्रत्येकाला दहा हाळ्या. मुकादम तीस पावलांवर बसून, रुळाला गाल लावून, एका डोळ्यानं रेघ बघत. माझ्या दहा हाळ्यांत रूळ एक बोट सरकला. दुसऱ्याच्या हाळ्यांत हललाच नाही. महिपती गँगमध्ये येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. आवाज फुटक्या मडक्यासारखा. तो कधी भजनात गायलेला नव्हता. त्याच्या दहा हाळ्यांत रूळ अडीच बोटं सरकला.

मुकादम उठून गुडघे झाडत माझ्याकडे आले.

“गळा ग्वाड हाय तुजा, हौशीराम. पर मान्सं तुजं गानं ऐकत्यात. रूळ कोन ढकलनार?”

सगळे हसले. महिपती हसला नाही. त्यानं आपली पहार उचलून माझ्या पहारीशेजारी ठेवली आणि रिकाम्या हातानं जाऊन बाजूला उभा राहिला. तो रिकामा हात मी एकवीस वर्षं पाहिला.

आम्ही खंडाळ्याच्या गँगचाळीत राहायचो, रविवारी घरी. महिपती उजाडायच्या आत आंघोळ करायचा, थंडीतसुद्धा. मग चाळीपासून कामाच्या जागेपर्यंत मैल-दीड मैल चालताना कोणाशी बोलायचा नाही. त्या चालण्यात तो त्या दिवसाची हाळी करायचा. काम सुरू झालं की ती बाहेर यायची. दिवसभर तीच. संध्याकाळी अवजारं गोळा झाली की तो वाकून रुळाला हात लावायचा, हात कपाळाला लावायचा आणि ती हाळी संपायची. परत कधी नाही. दुसऱ्या दिवशी नवी.

एकदा धुकं फार होतं, तेव्हाची ही:

आलं धुकं रं, गेलं धुकं
भैरवनाथा, तुझं सुख
एक बोट रं, सरू दे… हां

मला यात काही विशेष वाटत नव्हतं. अशा ओळी बायका जात्यावर शंभर करतात. पण भिमाजीआबा, आमच्यातला सगळ्यात जुना गडी, एकदा पाणी पिताना त्याला म्हणाला, “महिपती, परवाची ती चिमणीची झ्याक होती. तीच म्हन की आज.”

“ती झाली, आबा.”

“झाली म्हंजी? रुसली का काय?”

“कालचा निवद आज दाखवत्यात का देवाला?”

आबा हसला. “देवाला न्हाई, मला दाव. म्या शिळं खातो.”

महिपतीनं ती हाळी म्हटली नाही. मी पहारीवर टेकून ऐकत होतो. मनात म्हणालो, हा रुळाला देव म्हणतो आणि आम्ही बारा बैल.

त्या रात्रीपासून मी त्याच्या हाळ्या लिहून ठेवायला लागलो. मी मराठी चौथी झालेलो. गँगमध्ये लिहिता येणारा मी एकटाच. पिवळ्या पुठ्ठ्याची वही होती, ती अंथरुणाखाली ठेवायचो. तारीख, ठिकाण, हाळी, रूळ किती बोटं सरकला. महिपती आजारी पडेल, गाव सोडेल, मरेल, काहीतरी होईल आणि हाळी माझ्याकडे येईल, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी माझ्याकडे त्याच्या सगळ्या चांगल्या हाळ्या असतील आणि वर माझा गळा.

वही घरी नेली तेव्हा माझ्या बायकोनं, कस्तुराबाईनं, ती पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी विचारून विचारून तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

“इतकं तर तुमी देवाचं पाठ केलं न्हाई,” ती म्हणाली.

“उपेगी पडल.”

“जळायला उपेगी पडल. चुलीत न्हवं, तुमच्या पोटात.”

एकादशीला मळवलीच्या देवळात भजन असायचं. महिपती यायचा आणि मागं खांबाला टेकून बसायचा. टाळही घ्यायचा नाही. मी पुढं, पेटीशेजारी. लोक मला ऐकायला यायचे. एका एकादशीला कोणीतरी त्याला म्हणालं, “महिपतीभाऊ, तुमीबी म्हना की एखादं. गँगीत तर रोज म्हनता.” तो म्हणाला, “माजं आज सकाळी झालं.” एवढंच. आणि सगळे मान हलवत राहिले, जणू त्यानं कीर्तन सांगितलं. मी पुढचा अभंग वरच्या सुरात घेतला. त्या दिवशी माझा गळा उत्तम लागला होता. ते कोणाच्या लक्षात नाही.

सन एकतीसच्या माघातली एक सकाळ सांगायला हवी. खंडाळ्याच्या अलीकडचं मोठं वळण चार बोटं बाहेर गेलं होतं. साहेबांनी ते दोन दिवसांत सरळ करायला सांगितलं होतं. महिपतीची त्या दिवशीची हाळी अशी होती:

लोखंडाची रं, काळी गाय
घाट चढून, थकली हाय
वळव देवा रं… घराकडं… हां

सूर्य डोक्यावर यायच्या आत वळण जागेवर आलं. छत्तीस रेटे. मी मोजले. मी गँगमध्ये सदतीस वर्षं काढली, पण पहार हलकी लागली ती तेवढी एकच सकाळ. कोण रेटतंय ते कळत नव्हतं. मुकादम रुळावरून गाल उचलून नुसते बघत राहिले. महिपतीच्या कपाळावर घाम होता. उभा राहून त्याला घाम कसा येतो, याचा मला राग आला. ती हाळी मी वहीत लिहिली आणि खाली रेघ ओढली.

त्यानंतर सहा वर्षांनी, भाद्रपदात, महिपतीला हिवताप धरला. तो मळवलीला घरी पडला. मुकादम माझ्याकडे आले.

“हौशीराम, पंदरा दिस तू दे हाळी. जमलं तर पुडचं बगू.”

पुढचं बघू, म्हणजे जागा. मी रात्री वही उघडली. फार शोधावं लागलं नाही. रेघ ओढलेली होती.

सकाळी तेच मोठं वळण. महिपती नव्हता, मी बाजूला, म्हणून पहारी अकरा. त्यातले सहा एकतीसच्या वेळचे, पाच नंतर आलेले. भिमाजीआबा नव्हता. तो आदल्या वर्षी वारला होता. मी पाय रोवून उभा राहिलो आणि काळी गाय म्हणायला लागलो. माझा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत आला. महिपतीचा कधी आला नव्हता.

पहिल्या दोन रेट्यांना रूळ हलला नाही. मुकादमांनी हातानं खूण केली, परत. तिसऱ्या रेट्याला मी ‘घराकडं’ म्हणून ‘हां’ म्हटलं. पाच पहारी पडल्या. सहा थांबल्या. पाचजणांच्या अंगावर सगळं वजन आलं, त्यांचे हात सैल पडले आणि तेवढ्यात सहाजणांनी रेटलं. त्या पाचांतल्या बजरंगची पहार रुळाखालून सुटून वर उडाली. ती त्याच्या हनुवटीवर बसली.

समोरचे दोन दात गेले. जबडा फुटला नाही, हे नशीब. बजरंग पंचविशीचा गडी, नवं लग्न झालेला. तो खडीवर बसून तोंडातलं रक्त थुंकत होता. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं. मलाही नाही. मुकादम जुन्या सहांवर ओरडले, “थांबला का रं तुमी?” सहाजण एकमेकांकडे बघत राहिले. आपण थांबलो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मुकादमांनी मला एवढंच सांगितलं, “सोमवारी आनी एक दिस. तवाबी न्हाई जमलं, तर म्या दुसरा बगतो.”

रविवारी मी मळवलीला महिपतीच्या घरी गेलो. वही सदऱ्याच्या आत होती. का घेतली होती, सांगता येत नाही. दारात त्याची बायको झुंबरबाई तांदूळ पाखडत होती.

“या भावजी. दात बगायला आलात? आमच्याकडं शाबूत हायेत.”

बातमी पोचली होती. महिपती घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता. तोंड उतरलेलं. मी खाली बसलो. तो म्हणाला, “बजरंग कसा हाय?”

“प्येज पितोय.”

“कुटली हाळी म्हनलास?”

मी खोटं बोलणार होतो. माझीच होती, असं. पण गँगमधल्या कोणीही त्याला खरं सांगितलं असतं. “तुजी. काळ्या गाईची.”

“कुटली काळी गाय?”

मला वाटलं, टोमणा मारतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. सहा वर्षं मी जी उशाखाली घेऊन झोपलो, ती त्यानं त्याच संध्याकाळी टाकून दिली होती. मला तेव्हा जे वाटलं ते राग नव्हता. मोठ्या घरच्या माणसानं जेवून ताट सरकवावं आणि आपण भिंतीआडून बघावं, तसं वाटलं.

“म्हन बगू,” तो म्हणाला.

मी हळू आवाजात म्हटली. त्यानं डोळे मिटले. ‘वळव देवा रं’च्या पुढं मी थांबलो, तसं त्यानं बोट वर केलं.

“हितं किती थांबलास?”

“तू थांबलाव्हतास तितकाच. माज्या ध्यानात हाय.”

“आन ‘घराकडं’च्या फुडं?”

“तितंबी तू थांबलाव्हतास. पर काल म्या न्हाई थांबलो. नवी पोरं हायेत, लौकर ‘हां’ म्हनलं.”

त्यानं ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. मग म्हणाला, “त्यो आबाचा दम हाय.”

मला कळलं नाही.

“भिमाजीआबाला दमा व्हता. एका दमात रेटता येत न्हवतं त्याला. दोनदा हवा घ्यायचा, मंग वाकायचा. थंडीत लय. म्हून त्या दिशी दोन जागा ठिवल्या असत्याल. तुमी त्याच्याबरूबर वाकायला शिकला. जुनी सा मान्सं काल आबासाटी थांबली. नव्यास्नी आबा म्हाईत न्हाई.”

झुंबरबाईचं सूप थांबलं होतं.

मी बारा वर्षं मोजत होतो. किती रेटे, किती बोटं, कोणाची पहार कितीदा घसरली, महिपती किती वेळ नुसता उभा होता. बाराजणांचा दम मोजायचं मला सुचलं नव्हतं. तो नुसता उभा नव्हता. हे कळलं, आणि कळल्यावर आणखी वाईट वाटलं. कळेपर्यंत मला निदान त्याला आळशी म्हणता येत होतं.

“पर देव कुटं हाय ह्यात?” मी विचारलं. चिडून विचारलं. “निवद म्हनतोस. कुनाला?”

त्यानं घोंगडी वर ओढली. त्याला थंडी वाजत होती.

“बारा मान्सं एका दमात वाकत्यात,” तो म्हणाला. “ते म्या देवळात कदी बगितलं न्हाई.”

मग झोपायच्या आधी एवढंच बोलला, “उद्या गाऊ नगंस. आदी ऐक.”

वही मी दाखवली नाही. तशीच परत आणली.

सोमवारी बजरंग नव्हता, पहारी दहा. मी मुकादमांसमोर उभा राहिलो आणि काहीच म्हटलं नाही. दहा माणसं पहारी रोवून माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या छात्यांकडे बघितलं. तिसऱ्या जागचा उथळ श्वास घेत होता. सातवा नाकानं, मोठा. शेवटचे दोघे एकत्र. बराच वेळ गेला. मग एका क्षणी दहाही छात्या भरलेल्या दिसल्या आणि मी ‘हां’ म्हणालो. रूळ अर्धं बोट सरकला. सरळ सरकला.

मुकादम लांबून ओरडले, “आज मुकाच हायस व्हय रं?”

“व्हय, मुकादम.”

“मुकाच बरा हायस.”

पंधरा दिवस मी असाच उभा राहिलो. वळण जागेवर आलं, पण महिपतीला अर्धा दिवस लागला असता तिथं मला पाच लागले. सोळाव्या दिवशी तो आला, वाळलेला. मुकादमांनी मला काही विचारलं नाही. मीच जाऊन पहार उचलली. कोणी थांबवेल असं थोडं वाटलं होतं. बजरंगनंही नाही. तो पुढं आयुष्यभर ‘स’ म्हणताना शीळ घालायचा. तो ‘हौशीराम’ म्हणायचा तेव्हा ‘श’वरही शीळ यायची.

सन पंचेचाळीसला महिपतीचा घसा बसला तो उठलाच नाही. बोलणं कुजबुजीवर आलं. हाळी माझ्याकडे आली. मागितली नव्हती, तरी आली. त्यानं पहार घेतली आणि चौथ्या जागी उभा राहिला. वय पन्नासच्या पुढं, हाताला घट्टे नाहीत. पहिल्या आठवड्यात तळहात फुटले. त्यानं चिंधी बांधली आणि रेटत राहिला. मी ते बघून खूश व्हायला हवं होतं.

तेव्हा मी रोज नवी हाळी करायचं ठरवलं. मैलभर चालायचं आणि बाराजणांचे दम ध्यानात ठेवून तीन ओळी जुळवायच्या. कोणाचा गुडघा, कोणाचा खोकला, कोणाच्या घरी काय झालंय. कित्येक सकाळी मी वळणापर्यंत पोचायचो आणि हातात दोनच ओळी असायच्या. हे काम पहारीइतकं जड आहे असं मी म्हणणार नाही. पण पहारीचं ओझं बारा धरलं, तर याचं नऊ धरावं लागेल.

माझ्या हाळ्या बऱ्या होत्या. रूळ सरकत होता. पण महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की गँग माझ्या ‘हां’वर रेटत नाही. चौथ्या जागी महिपतीची पाठ वाकते आणि तिच्याबरोबर बाकीच्या अकरा वाकतात. माझं ‘हां’ त्याच्या मागून, केसभर मागून येत होतं. मी दोनदा मुद्दाम आधी म्हणून पाहिलं. ते थांबले. त्याच्यासाठी थांबले. पुढल्या वर्षी त्यानं नोकरी सोडली, तोपर्यंत हाळी माझी होती आणि गँग त्याची.

अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात तो गेला. तेराव्यानंतर झुंबरबाई आमच्या अंगणात आली. बसली नाही.

“भावजी, कस्तुराबाई म्हनती, तुमाकडं त्यांच्या हाळ्या लिवलेल्या हायेत.”

“हायेत.”

“किती?”

“सतराशे चाळीस.”

तिनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, “तेवीस वर्सांत म्या एकबी ऐकली न्हाई. रेल्वेवर बाया जात न्हाईत, आन घरी ते म्हनायचे न्हाईत. एक म्हना. कुटलीबी.”

काळी गाय माझ्या जिभेवर होती. आबाच्या दोन्ही जागांसकट होती. मी म्हणालो, “वैनी, ते शिळी हाळी म्हनत न्हवते. देवाला शिळं चालत न्हाई. त्यांचाच शब्द हाय.”

शब्द त्याचाच होता. पण मी ती म्हटली नाही याचं कारण ते नव्हतं. ती त्याच्या तोंडून ऐकलेले आता आम्ही सहाजण उरलो होतो आणि मला तिच्यात सातवा वाटेकरी नको होता.

झुंबरबाई माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्याइतकंच तिलाही ऐकता येत असावं.

“मंग वही कुनासाटी जपली?” ती म्हणाली, आणि उत्तरासाठी न थांबता गेली.

वही माझ्याकडेच आहे. झुंबरबाई गेल्या साली वारली. काळी गाय मी इथं लिहिली आहे, कुठं थांबायचं तेही सांगितलं आहे. झुंबरबाईला ऐकायची होती तेव्हा ऐकवली नाही, म्हणून आता लिहिली.